‘पन्नास’च्या आधीची कोरी जागा

माझे वडील चेक लिहायला बसले की घरात कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही, असा नियम होता. हातात शाईचं पेन, चेकबुकाखाली जाड वही. आधी नाव, मग अक्षरी रक्कम. पहिला शब्द अगदी डाव्या कडेला खेटून सुरू करायचा, दोन शब्दांमध्ये फट सोडायची नाही, शेवटी ‘फक्त’ लिहायचं आणि उरलेल्या जागेवर पट्टीनं रेघ मारायची. तीनशे रुपयांच्या चेकसाठी एवढा सोहळा कशाला, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे बऱ्याच वर्षांनी बँकांच्या बाजूनं वकिलांनी लढलेले जुने खटले वाचायचा नाद लागला आणि लंडनमधल्या १८२७ सालच्या एका निकालात मला वडिलांची ती रेघ भेटली. त्या चेकवर कुणी रेघ मारली नव्हती. त्यावरूनच सगळं भांडण कोर्टात गेलं होतं.

पीटर यंग नावाचे गृहस्थ परगावी निघाले होते. मागे पैशावाचून काम अडू नये म्हणून त्यांनी काही कोऱ्या चेकांवर सह्या करून ते बायकोकडे ठेवले. गरज पडली तेव्हा तिनं त्यातला एक कारकुनाच्या हाती दिला आणि पन्नास पौंड आणि वर काही शिलिंग अशी रक्कम भरायला सांगितली. कारकुनानं इंग्रजीतला ‘पन्नास’ हा शब्द ओळीच्या मधोमध लिहिला, तोही छोट्या लिपीतल्या अक्षरानं सुरू करून. आकडाही पौंडाच्या चिन्हापासून चांगला दूर ठेवला. चेक बाईंना दाखवला. त्यांनी पाहिला आणि ‘जा, पैसे घेऊन ये’ म्हटलं. वाटेत त्यानं डावीकडच्या कोऱ्या जागेत ‘तीनशे आणि’ लिहिलं, आकड्याच्या आधी ३ टाकला आणि बँकेतून साडेतीनशे पौंड उचलले.

आता तीनशे पौंड कुणाचे बुडाले? यंग यांचं म्हणणं, मी तीनशेचा हुकूम दिलाच नव्हता. बँकेचं म्हणणं, सही तुमची, अक्षर एकाच हाताचं, कुठं खाडाखोड नाही, मग आम्ही ओळखायचं कसं? न्यायालयानं बँकेचं ऐकलं. चेक असा लिहिला, असा लिहू दिला, की त्यात चोराला जागा मिळाली. मग त्या जागेचं नुकसान जागा सोडणाऱ्यानं सोसावं.

हा निकाल वाचला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की बँकेचा वकील म्हणून जे आयुष्य काही माणसं काढतात, ते किती विलक्षण प्रश्नाभोवती फिरत असतं. बाहेरून हे काम रुक्ष दिसतं. एका बाजूला गरीब बिचारा ग्राहक, दुसऱ्या बाजूला धनाढ्य बँक, आणि तिच्या बाजूनं काळा कोट घालून उभा असलेला कुणीतरी. पण त्याच्या फायलीत डोकावलं, की पानोपानी एकच प्रश्न दिसतो: हा हुकूम कोणाचा?

हा प्रश्न एवढा मोठा का झाला, हे कळायला एक गोष्ट आधी मान्य करावी लागते, आणि ती पहिल्यांदा ऐकताना माणूस दचकतो. बँकेत ठेवलेले पैसे तुमचे नसतात. १८४८ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनं हे स्वच्छ सांगितलं. तुम्ही काउंटरवर नोटा ठेवल्या त्या क्षणी त्या बँकेच्या झाल्या. तुमच्या हाती उरतं ते फक्त येणं. बँक तुमची राखणदार नाही, देणेकरी आहे. तिजोरीत तुमच्या नावाचं गाठोडं कुठंच ठेवलेलं नाही. आहे ती वहीतली एक ओळ, जी म्हणते की आम्ही यांचं इतकं देणं लागतो. पासबुकात ‘जमा’ वाचून आपल्याला बरं वाटतं, पण बँकेच्या ताळेबंदात तीच रक्कम देण्याच्या बाजूला बसलेली असते.

हा देणेकरीही जगावेगळा. साधा देणेकरी मुदत भरली की पैसे घेऊन सावकाराच्या दारी जातो, जायलाच हवं. बँक तशी येत नाही. तुम्ही मागाल तेव्हा आणि सांगाल त्याला ती देते. १९२१ साली लंडनच्या अपील न्यायालयानं हे पक्कं केलं, की मागणी झाल्याशिवाय बँकेच्या चालू खात्यावरचं देणं देय होत नाही. म्हणजे सगळा व्यवहार त्या मागणीवर, त्या सांगण्यावर तोललेला आहे. तुम्ही सांगितलं असेल आणि बँकेनं दिलं असेल, तर तेवढं कर्ज फिटलं. तुम्ही सांगितलंच नसेल, तर बँकेनं दिले ते तिचे स्वतःचे पैसे दिले आणि तुमचं येणं होतं तसंच शिल्लक आहे.

आपल्याकडच्या सराफी पेढ्यांनाही हा पेच चांगला ठाऊक होता. हुंडीच्या काही जातींपैकी एक शहाजोग हुंडी. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच द्यायचे, वाटेल त्याच्या हातावर ठेवायचे नाहीत. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर ‘परपेठ’. तिन्ही कागद एकाच हुकमाचे, आणि पैसे मात्र एकदाच द्यायचे. पेढीवरचा मुनीम समोरचा कागद उलटसुलट करून जे पाहत असे, तेच आज बँकेचा वकील कोर्टात पाहतो.

मुंबईत उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत असं प्रकरण लढणाऱ्या नव्या वकिलाची सुरुवात भाषणानं होत नाही. ज्युनिअरच्या वाट्याला कागदांचे गठ्ठे येतात. खातं उघडतानाचा फॉर्म, नमुना सहीचं कार्ड, कंपनी असेल तर सह्यांचे अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव, आणि खातेउतारा. यातून तारखांची यादी बनवायची. कोणता चेक कधी लिहिला, कधी वटला, उतारा कधी पाठवला, तक्रार कधी आली. व्यापारी स्वरूपाचा दावा असेल तर समन्स मिळाल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवसांत कैफियत दाखल करावी लागते, त्यानंतर न्यायालय ती घेतच नाही. त्यामुळे ही यादी रात्री जागून होते. आणि अनुभवी वकील सांगतात, की निम्मा खटला या यादीतच दिसायला लागतो.

१८९१ सालचा एक छोटासा कायदा इथं कामाला येतो. बँकेच्या वह्या उचलून कोर्टात आणाव्या लागल्या असत्या, तर शाखेचं काम बंद पडलं असतं. म्हणून या कायद्यानं बँकेच्या वहीतल्या नोंदीची प्रमाणित नक्कल पुराव्यात ग्राह्य धरली. तेव्हा मोठ्या चोपड्या होत्या, आता संगणकाचे छापील उतारे आहेत. या शतकाच्या सुरुवातीला कायदा दुरुस्त करून त्यांनाही जागा दिली.

मग येते सही. इथं मला सगळ्यात नवल वाटलं. आपली समजूत अशी, की खरी सही नमुन्याशी हुबेहूब जुळते आणि खोटी जुळत नाही. हस्ताक्षर तपासणारे नेमकं उलट सांगतात. माणूस स्वतःची सही दोनदा तंतोतंत सारखी करू शकत नाही. कधी शेपूट लांबते, कधी टिंब सरकतं. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि रेषेवर रेष बसली, तर त्यातली एक गिरवलेली असण्याचा संशय बळावतो. खरी सही वेगात होते, पेन कागदावर उतरतानाच चालू लागलेलं असतं. खोटी सही काढली जाते, चित्रासारखी. म्हणून भिंगाखाली तिच्यात थरथर दिसते आणि नको तिथं पेन उचलल्याच्या खुणा दिसतात. जी सही फार काळजीपूर्वक केलेली दिसते, तीच घात करते.

खोटी सही आणि भरलेली कोरी जागा, या दोन गोष्टी सामान्य माणसाला सारख्याच वाटतात. दोन्हीत चोरानं पैसे पळवले. कायद्याच्या नजरेत त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. यंग यांच्या चेकवर सही खरी होती, म्हणजे हुकूम दिलेला होता, तो द्यायच्या पद्धतीत हयगय झाली. १९१८ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे असाच दुसरा खटला आला. लंडनच्या एका पेढीचा भागीदार जेवायला बाहेर पडत होता. विश्वासातल्या कारकुनानं किरकोळ खर्चाचा चेक पुढे केला. आकड्यात २ पौंड, अक्षरांची जागा कोरी, आणि त्या २ च्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. घाईत सही झाली. कारकुनानं डावीकडे १ आणि उजवीकडे ० घातलं, अक्षरी एकशेवीस लिहिलं आणि तो नाहीसा झाला. बँक पुन्हा जिंकली. चेक लिहिताना नेहमीची काळजी घेणं हे ग्राहकाचं बँकेप्रती कर्तव्य आहे, असं ठरलं.

पण सहीच खोटी असेल तर? मग हुकूम झालेलाच नाही. कोऱ्या कागदाइतकीच त्या चेकची किंमत. बँकेनं कितीही सद्भावनेनं पैसे दिले असोत, दिले ते स्वतःचे. अशा खटल्यात बँकेच्या वकिलाची पाठ भिंतीला लागते आणि बहुधा एकच युक्तिवाद उरतो: ग्राहक गप्प का बसला?

या गप्प बसण्यावर दोन खटले आहेत. ते मी एकापाठोपाठ एक वाचले आणि बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही.

पहिला इंग्लंडचा, १९३२ सालचा. एका माणसाला कळलं की बायको आपली सही करून खात्यातून पैसे काढते. तिनं गयावया केली, बहिणीच्या कोर्टकज्जासाठी पैसे हवे होते म्हणाली. त्यानं ऐकलं आणि आठ महिने बँकेला चकार शब्द सांगितला नाही. नंतर समजलं की तो कोर्टकज्जा नव्हताच. मी आता बँकेत जातो, असं त्यानं तिला सांगितलं. तिनं स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यानंतर नवऱ्यानं खोट्या सह्यांचे पैसे परत मिळावेत म्हणून बँकेवर दावा लावला, आणि तो हरला. ज्या दिवशी त्याला कळलं त्या दिवशी त्यानं सांगितलं असतं, तर बँकेला खोटी सही करणारीकडून वसुलीचा मार्ग होता. त्याच्या मौनानं तो मार्ग बंद झाला. माहीत असून गप्प बसणं हे या व्यवहारात बोलण्यासारखंच धरलं गेलं.

दुसरा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा, १९८७ सालचा. कॅनरा बँकेतल्या एका कंपनीच्या खात्यातून ४२ चेकांवर पैसे गेले, एकूण ३,२६,०४७ रुपये ९२ पैसे. चेकबुक ज्याच्या ताब्यात होतं त्या हिशेबनिसानंच व्यवस्थापकीय संचालकाच्या खोट्या सह्या केल्या होत्या. बँकेच्या वकिलांनी जे मांडलं ते पोकळ नव्हतं. खात्याचे उतारे कंपनीकडे नियमित जात होते, पासबुक होतं, इतकी वर्षं कुणी हरकत घेतली नाही. मग हे मौन संमती का नाही? न्यायालयानं नाही म्हटलं. कंपनीला ठाऊकच नव्हतं. पासबुकातली नोंद न् नोंद तपासण्याचं बंधन कायदा ग्राहकावर घालत नाही. नुसतं निष्काळजी असणं आणि माहीत असून गप्प बसणं यात फरक आहे. दोनच वर्षं आधी, हाँगकाँगहून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलेल्या एका कापडगिरणीच्या खटल्यातही असंच ठरलं होतं. तिथं गिरणीच्या कारकुनानं सुमारे तीनशे खोटे चेक वटवले होते.

एक मौन अंगावर आलं, दुसरं माफ झालं. दोन्ही मौनं बाहेरून सारखीच ऐकू येतात, म्हणजे काहीच ऐकू येत नाही. त्यांच्या आत काय होतं, हे शोधायला वकिलानं इतकी वर्षं खर्च करायची.

बँकेच्या वकिलाच्या आयुष्यात आणखी एक चमत्कारिक प्रसंग येतो. तो कोर्टात उभा राहून सांगतो, की आम्हाला पैसे द्यायचे आहेत, कृपा करून अडवू नका. एका इंग्लिश कंपनीनं लिबियात काचेची हरितगृहं उभारायचं कंत्राट घेतलं होतं. काम नीट होईल याची हमी म्हणून किमतीच्या दहा टक्के, ५०,२०३ पौंडांची बँक गॅरंटी दिली गेली, मागताक्षणी आणि विनापुरावा द्यायची. खरेदीदारानं ठरल्याप्रमाणे पतपत्र उघडलं नाही, म्हणून कंपनीनं काम सुरू केलं नाही. तरी समोरून गॅरंटीची रक्कम मागितली गेली. चूक त्यांची आणि पैसे आमचे, म्हणून कंपनीनं मनाई हुकूम मागितला. १९७७ साली लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयानं तो नाकारला. तुमचं भांडण तुम्ही भांडा, बँकेनं दिलेला शब्द त्या भांडणाशी बांधलेला नाही. उघड लबाडी सिद्ध होत नाही तोवर बँकेनं पैसे द्यायचेच. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही पुढे हीच वाट धरली. पहिल्यांदा ऐकताना हा अन्याय वाटतो. मग लक्षात येतं, की अनोळखी देशातला अनोळखी माणूस आपल्याला माल पाठवतो तो या शब्दाच्या भरवशावर. बँकेला स्वतःच्या शब्दापुढे ‘पण’ लावता आला असता, तर तो भरवसाच राहिला नसता.

अलीकडच्या काळात मात्र हा जुना प्रश्न नव्या रूपात परत आला आणि त्यानं सगळ्यांनाच अडचणीत टाकलं. २०१८ साली इंग्लंडमधल्या एका जोडप्याला फोन येऊ लागले. बोलणारा सांगे, की मी सरकारी यंत्रणेच्या वतीनं बोलतोय, तुमचे पैसे धोक्यात आहेत, सुरक्षित खात्यात हलवा. डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला हा सूर ओळखीचा आहे. जोडप्याचा विश्वास बसला. बाई स्वतः बँकेच्या शाखेत गेल्या आणि दोन वेळा मिळून ७ लाख पौंड संयुक्त अरब अमिरातीत पाठवले. सही खरी. माणूस खरा. रकमेआधी कोरी जागा नाही. हुकूम पूर्णपणे त्यांचाच होता, फक्त मन दुसऱ्यानं भारलेलं होतं.

बँकेनं हा हुकूम पाळायला नको होता का? बँकेच्या बाजूनं जे मांडलं गेलं ते थोडक्यात असं: ग्राहकाचे पैसे कुठं जावेत हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे, त्यात शहाणपण शिकवायचा अधिकार बँकेला दिलात, तर उद्या कुणाचाही स्पष्ट हुकूम बँक अडवेल. २०२३ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ही मूळ भूमिका मान्य केली. स्पष्ट हुकूम खात्याच्या मालकानंच दिला असेल, तर तो पाळणं बँकेचं कर्तव्य. लोकांचं नुकसान कुणी सोसावं, हा धोरणाचा प्रश्न, तो कायदे आणि नियम करणाऱ्यांनी सोडवावा. तसा नियम ७ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला: फसवून पाठवायला लावलेली रक्कम ब्रिटनमधल्या बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत परत करायची. पण देशाबाहेर गेलेले पैसे त्यात येत नाहीत. त्या जोडप्यासारखं प्रकरण आज झालं, तरी ते त्या नियमाबाहेरच राहील. हे वाचून मन अस्वस्थ होतं आणि तसं ते व्हायलाच हवं.

मला या वकिलांबद्दल आदर वाटतो तो इथं. बँकेच्या बाजूनं कुणी नेटानं उभं राहत नसतं, तर न्यायालयं प्रत्येक वेळी दयेनं निकाल देऊन मोकळी झाली असती, आणि नियम कुठला ते कुणालाच कळलं नसतं. कुणीतरी विचारतं, म्हणूनच उत्तर ठरतं. बँक हरली तरी ते उत्तर वाया जात नाही. हरलेल्या प्रत्येक खटल्यात पुढच्या वेळी काउंटरवर काय तपासायचं, याचा धडा असतो. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ आणलं. ५०,००० रुपये आणि त्यापुढच्या चेकचे तपशील ग्राहकानं बँकेला आधीच वेगळे कळवायची ही सोय. चेक वटण्याआधी बँक ते पडताळून पाहते. १८२७ च्या कारकुनाला हे भेटलं असतं, तर त्याचे ते दोन शब्द काउंटरवरच पकडले गेले असते.

रिझर्व्ह बँकेचं २०१७ सालचं एक परिपत्रक मी मुद्दाम काढून वाचलं. ऑनलाइन खात्यातून तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले, तर नुकसान कुणाचं, हे त्यात सांगितलं होतं. दोष बँकेचाही नाही आणि तुमचाही नाही, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीच बोजा नाही. तुम्हीच गुप्त माहिती कुणाला देऊन बसलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. मी वाचत गेलो आणि ओळखीची माणसं भेटत गेली. ज्यानं हुकूम दिलाच नाही त्याला भार नाही, ही ४२ चेकांची कंपनी. माहीत झाल्यावर गप्प बसू नका, हा आठ महिने थांबलेला नवरा. आणि ओटीपी सांगून बसलेला माणूस म्हणजे जेवणाच्या घाईत सही करणारा तो भागीदार.

वडिलांनी यंग यांचं नाव कधी ऐकलं नव्हतं. त्यांना कुणीतरी मोठ्यानं तसं लिहायला शिकवलं असणार, त्याला आणखी कुणी. आता माझ्या हातात चेकबुक क्वचितच येतं. फोनवर सहा आकडे येतात आणि पलीकडून कुणीतरी घाई करत असतं. अशा वेळी मी फोन खाली ठेवतो, आणि ज्या नंबरावरून बँकेशी नेहमी बोलतो तो स्वतः लावतो. मधे जी दोन मिनिटं जातात, ती माझ्यापुरती वडिलांच्या पट्टीची रेघ आहे.